गल्लीचा पी.पी. नंबर

अण्णांचा डोळा माझ्यामुळे अडकला, हे आधीच सांगून टाकते. पुढे कुणीतरी ते शोधून काढणार आणि मग मी खुलासे देत बसणार, त्यापेक्षा हे बरं.

माझं नाव मोनाली शेडगे, वय छत्तीस. वय मुद्दाम सांगतेय, कारण सध्या ते सिद्ध करायला चेहरा सोडला तर माझ्याजवळ फारसं काही नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील, ज्ञानदेव शेडगे. रहिमतपुरात टेलिफोन खात्यात लाइनमन होते, त्यामुळे कासार गल्लीतला पहिला फोन आमच्या घरी आला. त्या काळी ज्यांच्याकडे फोन नसे ते शेजाऱ्याचा नंबर द्यायचे आणि त्याच्यापुढे पी.पी. अशी दोन अक्षरं जोडायचे. नोकरीचा अर्ज असो, लग्नाची पत्रिका असो नाहीतर दवाखान्याचा कागद, गल्लीतल्या प्रत्येकाच्या नावाखाली आमचाच नंबर. मला आठवतं तेव्हाही हे चालूच होतं. फोन वाजला की अण्णा विचारायचे, कोण पाहिजे, आणि मला पिटाळायचे. रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवायचा, 'फोन ठेवू नका हं' असं बजावायचं आणि चप्पल सापडली तर घालून पळायचं. 'कलाकाकू, फोन!' असं ओरडत गल्लीतून पळताना मला कोण मोठेपणा वाटायचा. कलाकाकू पदराला हात पुसत यायच्या आणि फोन संपला तरी चहा होईपर्यंत बसायच्या.

पुढे सगळ्यांकडे मोबाइल आले, पण सवय गेली नाही. नवऱ्याबरोबर फोन परगावी जायचा, सिमकार्डं बदलायची, नंबर बंद पडायचे. अण्णांचा नंबर मात्र तोच राहिला. त्यामुळे कुठलाही फॉर्म आला की गल्ली बिनदिक्कत त्यांचा नंबर घालायची. आलेला मेसेज वाचून अण्णा घरोघर जाऊन सांगायचे. निवृत्त माणसाला तेवढंच काम आणि तेवढाच मान. आई गेल्यावर मी त्यांना पुण्याला चला म्हणून कितीदा म्हटलं. ते म्हणायचे, मेसेज कोण वाचणार?

आता माझ्या कामाबद्दल थोडं. पुण्याच्या ज्या कंपनीत मी बारा वर्षं काढली तिचं स्नेहबंध नावाचं सॉफ्टवेअर आहे. ग्राहक सांभाळणं एवढंच त्याचं काम. पूर्वीचा दुकानदार गिऱ्हाईक लक्षात ठेवायचा, कुणी काय नेलं, कुणाच्या घरी काय कार्य आहे, कुणाला परत कधी विचारायचं. लाखभर गिऱ्हाइकं झाली की ते एका डोक्यात मावत नाही, म्हणून वर्कफ्लो लिहायचा. त्यात तीनच गोष्टी असतात. काहीतरी घडतं, मग अट तपासली जाते, अट बसली की काम होतं. पाण्याची मोटर विकली गेली, हे घडलं. नव्वद दिवस तक्रार आली नाही, ही अट. सर्व्हिसिंगचा मेसेज पाठव, हे काम. तीन दिवसांत उत्तर नाही आलं तर फोन लाव. तीन फोन वाया गेले तर ग्राहक निष्क्रिय ठरव आणि यादीतून काढ. अशा कड्या एकीला एक जोडत गेलं की कुणी खुर्चीत बसलेलं नसतानाही दुकान चालू राहतं.

हे पाण्याच्या मोटरींपुरतं होतं तोवर ठीक होतं. पण काम चोख होतं म्हणताना दवाखान्यांनी घेतलं, औषधवाल्यांनी घेतलं, भिंगं बनवणाऱ्यांनी घेतलं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की ग्राहकाची नोंद एकच असावी आणि ती सगळ्यांनी वापरावी. तेव्हापासून तुम्ही कोण आहात हे तुमच्या नंबरावरून ठरू लागलं. नंबर जितका जुना तितका माणूस विश्वासाचा. नव्या नंबरवाल्याला सहा महिने अनोळखी समजायचं, त्याच्या नावे शस्त्रक्रिया किंवा खाट नोंदवायची नाही, असा नियम झाला.

माझी चूक त्याच्या आधीची आहे. एकाच माणसाच्या चार-चार नोंदी व्हायच्या. एकीत ज्ञानदेव, एकीत डी. के. शेडगे, एकीत नुसतंच शेडगे. त्याला दिवाळीच्या चार शुभेच्छा जायच्या आणि कंपनीचं हसं व्हायचं. दुहेरी नोंदी जोडण्याचा नियम लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: नंबर एक आणि पत्ता त्याच गल्लीतला असेल तर माणूस एकच समजावा. नावं वेगळी दिसली तर ती टोपणनावं किंवा टंकनाच्या चुका मानाव्यात. वय, लिंग यांत फरक दिसला तर शेवटी आलेली माहिती खरी. बाणेर-औंधच्या नोंदींवर तपासून पाहिलं, शंभरातल्या नव्याण्णव बरोबर निघाल्या. टाळ्या मिळाल्या, बढती मिळाली. पी.पी. नंबराच्या घरात वाढलेल्या पोरीला एकदाही वाटलं नाही की जरा रहिमतपुरावरही तपासून बघावं.

कासार गल्लीतली सतरा माणसं एका दुपारी जोडली गेली आणि त्यांचे मिळून एकटे अण्णा झाले.

आधी आम्हाला त्याची गंमतच वाटली. अण्णा फोनवर सांगायचे, आज माझं पोटातलं बाळ पाच महिन्यांचं झालं, लोह घ्यायला सांगितलंय. कधी त्यांची कवळी सैल व्हायची, कधी त्यांच्या पाचव्या गुडघ्याला वर्ष पुरं व्हायचं. वर्षातून चौदा वाढदिवस यायचे. मी पोट धरून हसायचे. तेव्हा हसण्याऐवजी उठून काही केलं असतं तर पुढचं टळलं असतं, हे मला रोज वाटतं.

मग त्यांना दिसेनासं झालं. मेसेज फोनकडून वाचून घ्यायला लागले आणि मला सांगितलंच नाही. दिवाळीत घरी गेले तेव्हा त्यांनी चहाचा कप टेबलाच्या कडेपलीकडे ठेवला आणि तो खाली पडून फुटला. दुसऱ्या दिवशी त्यांना साताऱ्याला डॉक्टर शिकलगारबाईंकडे नेलं.

बाईंनी डोळे तपासले आणि मला बाजूला घेतलं. दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, पण उजवीकडचा पिकून फुगलाय, आतला दाब वाढतोय. दोन महिन्यांत काढला नाही तर नस जाईल आणि मग कसलंही भिंग घातलं तरी उपयोग नाही. मी म्हटलं, मग उद्याच करा. त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. ज्ञानदेव शेडगे, बसवलेली भिंगं सात, दोन्ही डोळे पूर्ण.

गल्लीतल्या चौघांचे मोतीबिंदू पूर्वी अण्णांच्या नंबरावर झाले होते. प्रत्येक भिंगाला क्रमांक असतो आणि कंपनीचं कपाट ते एखाद्या नोंदीच्या रिकाम्या डोळ्यासाठीच सोडतं. अण्णांच्या नोंदीत रिकामा डोळाच नव्हता.

"मला डोळा दिसतोय, ताई," बाई म्हणाल्या, "पण माझ्या दिसण्यावर कपाट उघडत नाही."

आम्ही तक्रार केली. तीन दिवसांनी अण्णांना फोन आला, आपल्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया यशस्वी झाली आहे, समाधानी असाल तर एक दाबा. अण्णांनी एक दाबला. मी चिडून विचारलं, का? तर म्हणाले, एवढं अगत्यानं विचारतायत, कशाला नाराज करायचं. तक्रार बंद झाली, आणि बंद झालेली तक्रार पुन्हा उघडायची नाही हाही आमच्याच खात्याचा नियम. मग नवं सिमकार्ड आणलं. सकाळी नोंदवलं, दुपारी नाव, जन्मतारीख, पत्ता जुळल्याचं सांगत ते जुन्या नोंदीला जाऊन चिकटलं.

पुण्याला येऊन मी आमच्या प्रमुख ऋजुता मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि नोंद उघडून एक बटण दाखवलं. त्यावर लिहिलं होतं, फोडा. नोंद फोडली की सतरा माणसं पुन्हा सतरा होणार, अण्णांना त्यांचे दोन रिकामे डोळे परत मिळणार. मी दाबायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी बटणाखालची बारीक ओळ वाचायला सांगितली. फोडलेल्या प्रत्येक नोंदीवर आजची तारीख पडेल. कारण उघड होतं. जुन्या तारखा वाटत बसलं तर रांगेत पुढे घुसण्यासाठी कुणीही नोंदी जोडेल आणि फोडेल. हा विचार एका बैठकीत मीच मांडला होता, तोही तावातावानं. एकालाच वेगळं काढता येतं का, मी विचारलं. येत नव्हतं. नोंद फुटली तर सगळीच फुटणार.

त्या सतरात कलाकाकू होत्या. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला साताऱ्याला जायच्या आणि मूत्रपिंडासाठीच्या रांगेत चार वर्षं उभ्या होत्या. आता त्यांचा सातवा क्रमांक होता. आजची तारीख पडली की त्या नऊशेच्या पलीकडे गेल्या असत्या.

मी रविवारी घरी जाऊन अण्णांना हे समजावून सांगितलं. कलाकाकू तिथंच बसल्या होत्या, नेहमीसारख्या. दुसरं कुणी काही बोलायच्या आत त्यांनीच तोंड उघडलं.

"फोडून टाक, मोने. मी काय, आज हाय उद्या न्हाई. भावजींचा डोळा जाऊन कसं चालंल? माझं सगळं त्येंनीच वाचलंय."

अण्णा त्यांच्या आवाजाच्या दिशेनं वळले. चेहऱ्याच्या जरा डावीकडे बघत होते.

"कला, तू गप बस. माझा डोळा गेला तर मी आंधळा होईन. तुझा नंबर गेला तर तू जाशील. यात विचार करण्यासारखं काय आहे?"

मी वाद घातला. तुमचा डोळा नक्की जाणार आहे, त्यांना मूत्रपिंड मिळेलच असं नाही, असंही बोलून गेले. कलाकाकूंच्या देखत बोलले. त्या उठल्या आणि घरी गेल्या. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

परत जाताना बसमध्ये फोन हातात घेऊन बसले होते आणि सहज माझी स्वतःची नोंद उघडली. मोनाली शेडगे, नंबर अठरा वर्षं जुना, विश्वास पूर्ण, बसवलेली भिंगं शून्य. दोन डोळे रिकामे. पत्ता मी कधी बदललाच नव्हता, कासार गल्लीच होता. आणि शेवटी आलेली माहिती खरी मानायची, हा नियम माझाच होता.

मी फॉर्म भरला. नाव तेच ठेवलं, वय अडुसष्ट लिहिलं, उजवा डोळा आणि डावा डोळा दोन्हींवर खूण केली. अर्ध्या मिनिटात तारीख आली. मी बसमध्ये रडले, शेजारच्या बाईंनी पाणी दिलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत तीस-चाळीस माणसं होती. नर्सनं पुकारलं, मोनाली शेडगे, वय अडुसष्ट, उजवा डोळा. पांढरी टोपी सावरत अण्णा उठले. नर्सनं पडद्याकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं आणि म्हणाली, चला आजोबा. त्यांच्यानंतर 'संतोष' पुकारल्यावर एक म्हातारी उठली. कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत. माझ्या नियमानं काय करून ठेवलंय आणि माणसं त्याच्या फटीतून कशी वाट काढतायत, हे मी तिथं बसून बघत होते. आत शिकलगारबाईंना सगळं कळत होतं. अण्णांनी मागाहून सांगितलं की त्या फक्त एवढंच बोलल्या, मोनालीताई, हलू नका.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. अण्णांनी डोळा मिचकावला, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहत राहिले.

"तुझे केस पिकायला लागले की गं," ते म्हणाले.

त्या वाक्याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा बढतीचाही झाला नव्हता.

रजा संपवून सोमवारी कामावर गेले, तर ऑफिसचं दार माझ्या कार्डानं उघडलं नाही. कर्मचाऱ्यांच्या नोंदीही आम्ही स्नेहबंधवरच ठेवतो, त्यामुळे माझं नवं वय तिथं आपोआप पोचलं होतं. निवृत्तीची अट साठाची होती. फोनवर मेसेज होता, प्रदीर्घ सेवेबद्दल कृतज्ञता, उर्वरित आयुष्य आरोग्यपूर्ण जावो. शब्द मीच बसवले होते. लॉगिन बंद, खुर्ची दुसऱ्याच्या नावावर, निरोपाच्या केकची ऑर्डरही गेलेली.

ऋजुता मॅडम बाहेर येऊन फुटपाथवर माझ्याशी बोलल्या. आधी हसल्या, मग नाही हसल्या. हातानं दुरुस्त करायची सोय कुठंच नव्हती, कारण आठ वर्षांपूर्वी ती मीच काढून टाकली होती. उपाय एकच होता, माझी नोंद फोडायची. त्यांनी बटणाचा दुवा माझ्या फोनवर पाठवला. दाबलं की मी पुन्हा छत्तीसची आणि माझी जागा माझी. पण अडुसष्ट वर्षांच्या मोनालीचा डावा डोळा चार आठवड्यांनी व्हायचा होता आणि फोडलं की त्या तारखेवर पाणी. मी म्हटलं, चार आठवड्यांनी दाबते. त्या म्हणाल्या, बरं, जागा तोवर कशीबशी धरून ठेवते.

चार आठवडे मी रहिमतपुरात काढले. अण्णांच्या डोळ्यात थेंब घालायचे, स्वयंपाक करायचा, दुपारी कलाकाकूंकडे जाऊन बसायचं. त्या दिवशीचं बोलणं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मला मात्र ते चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर आठवायचं. कंपनीकडून ज्येष्ठांसाठी चालण्याच्या काठ्या, सांधेदुखीचं तेल आणि तीर्थयात्रा यांचे मेसेज येत होते. बँकेच्या मशीननं मला ओळखायला नकार दिला. मी दिवस मोजत होते.

डावा डोळाही नीट झाला. पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि फोनवर बटण उघडलं. अण्णा पेपर वाचत होते, चष्म्याशिवाय. पेपर खाली करून म्हणाले, काय करतेयस? मी सांगितलं, सुटतेय एकदाची.

त्यांनी पेपरची घडी घातली. त्यांच्या घडी घालण्यावरूनच मला कळलं की काहीतरी झालंय.

"जरा पाच आठवडे थांबता येतंय का बघ," ते म्हणाले. "वैजूचं नाव घातलंय तुझ्या नंबरावर."

वैजयंता म्हणजे आमच्यापलीकडे दोन घरं सोडून राहणारी. नवरा ऊसतोडणीच्या यंत्रावर कर्नाटकात, घरातला एकुलता फोन त्याच्यापाशी. तिला आठवा महिना होता. पहिलं मूल जीपमध्येच गेलं होतं, साताऱ्याला पोचण्याआधी, कारण गावातल्या प्रसूतिगृहात अनोळखी नंबराला खाट नव्हती. यावेळी ती अण्णांकडे आली. अण्णांच्या नोंदीत दोन बाळंतपणं झाली होती, मर्यादा तेवढीच होती, म्हणून तिसऱ्याला मशीननं नकार दिला. मी बाजारात गेले होते. अण्णांनी माझा नंबर दिला, नव्या डोळ्यानं फॉर्मवर स्वतः भरला, वयाचा रकाना तेवढा कोरा सोडला. लगेच खाट मिळाली.

"मला विचारायचं तरी," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "माझी नोकरी जाईल, अण्णा. बँकेत मी म्हातारी आहे, आता गरोदरही झाले. मी यातून बाहेर कधी पडायचं?"

"अगं, नंबर काय वापरून झिजतोय होय?" त्यांनी खरंच न कळून विचारलं. मग माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "दाब तू. मी वैजूला सांगतो, दुसरं बघू काहीतरी."

दुसरं काही नव्हतं, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. आज फोडलं की वैजूवर आजची तारीख पडणार आणि पुढच्या पाच आठवड्यांत तिला खाट मिळणार नाही. मी मनात म्हटलं, पाचच आठवडे. बाळ झालं की दाबू. आणि ते म्हणतानाच माझ्या लक्षात आलं, अण्णांनीही असंच म्हटलं असणार, आयुष्यभर, एकेका माणसापुरतं. वैजूनंतर कुणीतरी असेलच. तिच्या पाठोपाठ आणखी कुणी. माणसं पायरी चढून येतील, चहा होईपर्यंत बसतील आणि फॉर्म पुढे करतील, आणि माझा नंबर जुना आहे, विश्वासाचा आहे.

मी बटणावरचं बोट काढलं. राग गेला नव्हता. तो अजूनही गेलेला नाही.

तेवढ्यात हातातला फोन वाजला. स्नेहबंधचा आवाज होता, गोड, सावकाश, माझ्याच ओळी बोलणारा. नमस्कार मोनालीताई, आज सकाळपासून बाळाची हालचाल जाणवली का? कृपया दीड मिनिटात सांगा. तीनदा उत्तर आलं नाही तर काय होतं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

"फोन ठेवू नका हं," मी मशीनला म्हटलं, चप्पल पायात सरकवली आणि वैजूला हाक मारत गल्लीत निघाले.